जंगल येतंय की जातंय?

मित्रांनो, नांदेडहून आदिलाबादकडे जाणाऱ्या रेल्वेगाडीत बसायची संधी मिळाली, तर भावंडांशी भांडून का होईना, खिडकीची जागा पकडा. मुदखेडला रुळांना फाटा फुटतो. एक रस्ता निजामाबादकडे जातो, दुसरा भोकरकडे. पूर्वी या दुसऱ्या रस्त्यावर मीटरगेजची छोटी गाडी धावायची, आता ब्रॉडगेजची मोठी गाडी धावते. गोदाकाठची काळीभोर, सपाट शेतं मागे पडतात. जमीन उंचसखल होऊ लागते. मुरमाड माळ दिसतात, मग काटेरी झुडपं, मग इकडे एक तिकडे एक अशी झाडं. भोकर, हिमायतनगर, सहस्रकुंड अशी स्टेशनं घेत गाडी किनवटच्या बाजूला सरकते, तेव्हा बाहेर सागाचं रान लागलेलं असतं.

म्हणजे शेतापासून सागवनापर्यंतचा सगळा पट एका तिकिटात! आणि या पटाच्या मधोमध बसलंय भोकर.

भोकर हे नांदेड जिल्ह्यातल्या तालुक्याचं गाव, आणि भोकर हे एका झाडाचंही नाव, बरं का! त्याच्या कच्च्या हिरव्या फळांचं लोणचं तुमच्या आजीनं घातलं असेल. पिकलेलं फळ बोटांत धरून दाबलंत, तर आतला चिकट गर लवकर सुटत नाही. या गरानं मुलं पतंगाचे कागदसुद्धा चिकटवायची. पाखरं ही फळं आवडीनं खातात आणि बिया भलतीकडेच टाकतात. पाखरांचं हे काम लक्षात ठेवा, पुढे त्याची गरज पडणार आहे.

नांदेडहून रस्त्यानं भोकरला यायचं ठरवलं, तर सीताखांडीचा घाट लागतो. घाटातलं आणि आसपासच्या टेकड्यांवरचं रान बघा. कुठे साग, कुठे पळस, कुठे नुसती बोरी-तरवडाची जाळी, कुठे उघडा दगड. अशा एखाद्या टेकडीसमोर दोन माणसं उभी केली, तर एक म्हणेल, "कसलं जंगल? उजाड माळ आहे हा!" दुसरा म्हणेल, "अहो, जंगलच आहे, फक्त लहान आहे."

कोण खरं बोलतो? हे कसं ओळखायचं, तेच आज आपण शिकणार आहोत. वाटतं तितकं ते सोपं नाही, आणि त्या उत्तरावर त्या टेकडीचं पुढे काय करायचं हे ठरतं.

जंगलांची जातवारी

आधी नावं ठेवायला शिकू. म्हणजे जंगलाला नाव ठेवायला!

जंगल म्हणजे पुष्कळ झाडं, एवढ्यावर भागत नाही. सिंधुदुर्गातल्या आंबोलीच्या जंगलात तुम्ही वैशाखात गेलात, तरी डोक्यावर हिरवं छप्पर असतं. किनवटच्या जंगलात वैशाखात गेलात, तर सगळी झाडं जणू काड्यांचे खराटे होऊन उभी असतात आणि पायाखाली वाळलेली पानं कुरकुर वाजतात. सोलापूरकडच्या माळावर तर झाडंच खुजी, काटेरी आणि विरळ. तिन्हींना जंगलच म्हणायचं, तर फरक सांगणार कसा?

भारतातल्या जंगलांची व्यवस्थित जातवारी लावली हॅरी चॅम्पियन या वनअधिकाऱ्यानं. देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेत काम करताना त्यानं १९३६ साली भारत आणि ब्रह्मदेशातल्या वनप्रकारांची पहिली मोठी पाहणी प्रसिद्ध केली. पुढे एस. के. सेठ यांच्यासोबत ती सुधारून १९६८ साली पुन्हा छापली. आजही वनखात्यात 'चॅम्पियन आणि सेठ' हेच शब्द ऐकू येतात. (या हॅरीचा भाऊ फ्रेडरिकही वनअधिकारी होता. रात्री वाघाचा पाय तारेला लागला की आपोआप फोटो निघेल, अशी युक्ती करून त्यानं शंभर वर्षांपूर्वी रानातल्या वाघांचे फोटो काढले होते!)

चॅम्पियन आणि सेठ यांनी भारतातल्या जंगलांचे १६ मोठे गट पाडले. केरळच्या सदाहरित वनांपासून हिमालयातल्या बर्फाजवळच्या झुडपांपर्यंत सगळं त्यात बसतं. त्यातला पाचवा गट आपल्या कामाचा आहे : उष्णकटिबंधीय शुष्क पानझडी वनं. नांदेड जिल्ह्यातलं जंगल या गटात मोडतं. सहावा गट काटेरी वनांचा.

गट पडतो मुख्यतः पावसावरून. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. नांदेडला सरासरी नऊशेच्या आसपास, आणि तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने झाडानं काय करायचं? पानांतून पाणी सारखं उडून जात असतं. म्हणून झाड पानंच टाकून देतं. दुकानदार गिऱ्हाईक नसताना दिवे मालवतो ना, तसं! पाऊस याहून कमी झाला की पानं लहान होतात, त्यांच्या जोडीला काटे येतात आणि काटेरी वन सुरू होतं.

पण मग भोकरच्या आसपास सगळीकडे एकसारखं रान का नाही? पाऊस तर सारखाच पडतो! याचं कारण पायाखाली आहे. उथळ मातीच्या, तापलेल्या खडकाळ धारेवर सालई तग धरते. तिची साल पापुद्र्यांनी सुटते आणि डिंक सुवासिक असतो. भारी, चिकण, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत पळस दाटी करतो. काळ्या मातीत बाभूळ. पाण्याचा चांगला निचरा होणाऱ्या खोल मातीत साग, आणि सागासोबत धावडा, ऐन, टेंभुर्णी, मोह, बेहडा, आवळा ही मंडळी. चॅम्पियन आणि सेठ यांनी सालईच्या, बाभळीच्या, पळसाच्या रानांना मातीमुळे बनलेले वेगळे प्रकार म्हणून नोंदवलंय. नांदेड जिल्ह्याच्या पूर्व भागात तर खडकच बदलतो. दख्खनचा काळा बसाल्ट संपून ग्रॅनाइट लागतो, आणि खडक बदलला की मातीही बदलते.

म्हणून एखाद्या रानाचं नाव सांगताना दोन प्रश्न विचारायचे : वरून किती पडतं, आणि खाली काय आहे?

तिसरा प्रश्न

एवढ्यानं नाव पुरं होत नाही. तिसराही एक प्रश्न आहे : केव्हा?

जंगलही वयात येतं, मित्रांनो. २७ ऑगस्ट १८८३ रोजी इंडोनेशियातल्या क्राकाटोआ बेटावर ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. बेटाचा मोठा भाग समुद्रात गेला आणि उरलेला गरम राखेखाली गाडला गेला. दुसऱ्या वर्षी तिथे गेलेल्या शास्त्रज्ञांना सजीव म्हणून सापडला एक इवलासा कोळी! तीन वर्षांनी, १८८६ मध्ये, नेचे उगवलेले दिसले. मग गवत आलं, मग विरळ झाडं, आणि पन्नास वर्षांच्या आत बेट पुन्हा जंगलानं झाकलं गेलं. कुणी एक रोपही लावलं नव्हतं. वारा, समुद्राच्या लाटा, पाखरं आणि वटवाघळं यांनीच बिया पोचवल्या.

एका जातीच्या वनस्पतींनी जागा तयार करायची आणि पुढच्यांनी येऊन ती घ्यायची, अशा या क्रमाला शास्त्रज्ञ 'अनुक्रमण' म्हणतात. अमेरिकेत हेन्री काउल्स यांनी १८९९ साली मिशिगन सरोवराकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर हा क्रम दाखवून दिला. काठाजवळच्या टेकड्या नव्या, आतल्या जुन्या. त्यामुळे काठापासून आत चालत जाणं म्हणजे काळातून चालत जाणंच होतं. पुढे १९१६ साली फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी मांडलं, की प्रत्येक हवामानाला एक ठरलेलं शेवटचं जंगल असतं आणि सगळे रस्ते तिथेच पोचतात. हेन्री ग्लीसन यांना हे पटलं नाही. कोणती बी आधी पोचली, मध्ये आग लागली का, जनावरं किती आली, यावर रस्ता वळतो, असं ते म्हणाले. आज शास्त्रज्ञ ग्लीसन यांच्या बाजूला बरेच झुकलेले आहेत.

क्राकाटोआला जायची गरज नाही. कंधारच्या किंवा उदगीरच्या किल्ल्यात गेलात तर तटाकडे बघा. आधी दगडावर राखाडी-हिरवे डाग येतात, ते दगडफूल. फटीत धूळ साचते, पावसाळ्यात शेवाळ येतं, मग एखादं गवताचं पातं. आणि एक दिवस पाखराच्या विष्ठेतून आलेलं पिंपळाचं बी तिथे रुजतं. तुमच्या डोळ्यांसमोर दगडाचं रान होत असतं! लातूर जिल्ह्यात जंगल राज्यात सर्वांत कमी असलेल्यांपैकी आहे, पण हा धडा तिथल्या मुलांनाही असा घराजवळ गिरवता येतो.

वर जाणारा जिना आणि खाली येणारा जिना

आता भोकरच्या टेकडीकडे येऊ.

समजा, टेकडीवरचं एक पडीक शेत आहे. नांगर थांबला. पहिल्या पावसात तण येतं, मग कुसळी गवत. तीच ती कुसळी, जिची टोकं आपल्या पायमोज्यात घुसतात. मग तरवड आणि बोरी. बोराची फळं कोल्हे, शेळ्या, बुलबुल खातात आणि आठळ्या पसरवतात. बोरीच्या काटेरी जाळीत पाखरं बसतात. बसली की काय टाकतात? बरोबर! लिंबाच्या, भोकराच्या बिया. त्या जाळीत उगवलेल्या रोपाला शेळीचं तोंड पोचत नाही. म्हणजे बोरीची जाळी ही झाडांची बालवाडी झाली. पुढे पळस, मोवई, सालई, आणि माती जमली की धावडा, ऐन, साग.

ही झाली वर जाणाऱ्या जिन्याची गोष्ट. पण खाली येणारा जिनाही असतो. सागाचं रान आहे. घरासाठी मोठी झाडं तोडली. सरपणासाठी लहान तोडली. उन्हाळ्यात मोहफुलं नीट वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवला, ती आग पसरली आणि रोपं जळाली. उरलेल्या कोंबांवर जनावरं चरली. पावसानं उघडी माती वाहून गेली. मग उरतं काय? पळस, तरवड, बोरी, कुसळी!

बघितलंत? वर जाताना मधल्या पायरीवर जे रान लागतं, जवळजवळ तेच रान खाली येतानाही लागतं. चॅम्पियन आणि सेठ यांच्या यादीतही शुष्क पानझडी वनांच्या बिघडलेल्या पायऱ्या दिल्या आहेत : आधी झुडपी रान, मग झाडं तुरळक असलेलं गवती रान, मग नुसतं गवत. जिन्यावर उभ्या माणसाचा एक फोटो बघून तो चढतोय की उतरतोय, हे सांगता येतं का? नाही. रानाचंही तसंच आहे.

देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था १९८७ पासून उपग्रहाच्या चित्रांवरून देशातल्या वनांचा अहवाल काढते. झाडांच्या माथ्यांनी ७० टक्क्यांहून जास्त जमीन झाकली असेल तर अतिदाट, ४० ते ७० टक्के तर मध्यम दाट, १० ते ४० टक्के तर विरळ, आणि १० टक्क्यांहून कमी असेल तर खुरटं रान. उपग्रह देशभर एका मापानं मोजतो, हा मोठाच फायदा. पण या मोजणीत एक हेक्टरहून मोठी आमराईसुद्धा 'वन आच्छादन' म्हणून धरली जाते. आणि झाडाखाली रोपं आहेत का, हे उपग्रहाला दिसत नाही. ते बघायला वाकावं लागतं.

वाकून बघायच्या पाच गोष्टी

पहिली : घर तीन पिढ्यांचं आहे का? मोठ्या झाडांखाली मधली झाडं आणि त्यांच्याखाली रोपं दिसली, तर रान नांदतंय. नुसतेच आजोबा दिसले आणि नातवंडं नाहीत, तर दिसायला हिरवं असूनही ते रान म्हातारं होत चाललंय. रोपं शोधताना फसू नका. सागाचं किंवा टेंभुर्णीचं कोवळं रोप उन्हाळ्यात वरून वाळतं, पण मूळ जिवंत राहतं आणि पावसाळ्यात पुन्हा फुटतं. अशी काही वर्षं मुळात ताकद साठली, की मग खोड वर झेपावतं.

दुसरी : बुडखे बघा. साग तोडला तरी सहसा मरत नाही. बुडख्यातून दोन-चार सरळ फोक फुटतात आणि खाली मोठं मूळ तयार असल्यामुळे बियाण्याच्या रोपापेक्षा वेगानं वाढतात. धावड्याचं बी ढिगानं पडतं, पण रुजणारं फार थोडं. त्यालाही या फुटव्याचाच मोठा आधार. फोकांचे शेंडे शाबूत असतील तर रान येतंय. शेंडे खुडलेले, फोक झुडपासारखे गुच्छ झालेले असतील, तर शेळ्यांनी त्यांना वर येऊ दिलेलं नाही. कापलेल्या सागाच्या बुडख्यावर वर्तुळंही मोजा. सागाचं दरवर्षी एक वर्तुळ वाढतं.

तिसरी : कोण उरलंय? तरवड, रुई, घाणेरी यांना जनावरं सहसा तोंड लावत नाहीत. जिथे फक्त हीच मंडळी दिसतात, तिथे बाकीची खाल्ली गेलीत असं समजा. घाणेरी मूळची अमेरिकेतली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती शोभेसाठी भारतात आणली गेली आणि रानात अशी माजली, की तिच्याखाली दुसऱ्यांना उजेड मिळेना.

चौथी : गवत कोणतं? मारवेल हे जनावरांचं लाडकं गवत. चराई फार झाली की मारवेल आधी संपतं आणि कुसळी पसरते.

पाचवी : पायाखाली पाचोळा आहे की खडे? पाचोळा असेल तर वाळवी आणि बुरशी त्याची माती करतायत. झाडांची मुळं उघडी पडली असतील, तर माती निघून चाललीय. एक सेंटिमीटर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात आणि ती वाहून जायला काही पावसाळे पुरतात. म्हणूनच खाली येणारा जिना भरभर उतरता येतो, वर चढायला पिढ्या लागतात.

मग शेळ्यांचं काय?

तुम्ही म्हणाल, "सोपं आहे! चराई बंद करा, कुऱ्हाड बंद करा, की जंगल येईल." बरंचसं खरंही आहे. मुळं जिवंत असतील, तर नुसती राखण केली तरी काही वर्षांत बुडखे डोक्याच्या वर जातात. खड्डे खणून रोपं लावण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

पण ज्याच्या घरी शेत नाही, चार शेळ्या आहेत, आणि त्या शेळ्यांवर मुलीची वह्या-पुस्तकं अवलंबून आहेत, त्यानं उद्या शेळ्या कुठे न्यायच्या? टेकडी सगळ्यांसाठी हिरवी होणार आणि त्याची किंमत मात्र त्या एका घरानं द्यायची, हा न्याय झाला का? महाराष्ट्रात १९९२ पासून संयुक्त वन व्यवस्थापन आलं, म्हणजे गाव आणि वनखातं मिळून रान राखायचं. त्यातली चांगली वाट अशी, की सगळी टेकडी एकदम बंद न करता एकेक तुकडा काही वर्षं राखायचा, आणि राखलेल्या तुकड्यात जनावर सोडायचं नाही, पण गवत कापून डोक्यावरून नेऊ द्यायचं. जिथे राखण करणाऱ्या गावांनी आधी चाऱ्याचा विचार केला, तिथे राखण टिकण्याची आशा जास्त.

आणि आणखी एक सावधगिरी. प्रत्येक माळ म्हणजे आजारी जंगल नव्हे! कमी पावसाच्या भागात गवताळ माळ हेच तिथलं खरं रान असतं. सोलापूरजवळ नान्नजला माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य केलंय. माळढोकाला मोकळं गवत लागतं. तिथे दाट झाडं लावली तर आपल्याला हिरवं वाटेल, पण त्या पक्ष्याचं घर जाईल. म्हणून आधी पाऊस, माती आणि काळ हे तीन प्रश्न विचारायचे, आणि मगच खड्डा खणायचा.

तुमची टेकडी

आता काम तुमचं. गावाजवळचं गायरान, टेकडी, ओढ्याची कड, काहीही निवडा. रान वनखात्याचं असेल तर आधी वनरक्षकांना विचारा. घरचं मोठं माणूस सोबत घ्या, काडेपेटी घरी ठेवा, आणि बिब्याच्या फळाला हात लावू नका. त्याच्या तेलानं कातडीवर फोड येतात. दहा पावलं लांब, दहा पावलं रुंद असा चौकोन आखा, चार कोपऱ्यांना दगड रचा. आत मोठी झाडं किती, मधली किती, रोपं किती, बुडखे किती, त्यांतले शेंडे शाबूत असलेले किती, जमिनीवर पाचोळा की खडे, सगळं वहीत लिहा. जनावरं कोण आणि किती चारतं, हेही त्यांनाच विचारून लिहा. रानाची जुनी आठवण त्यांच्याइतकी कुणाला नसते. शक्य झालं तर एकाच दगडावर उभं राहून एक फोटो काढा.

दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत त्याच चौकोनात जा. पाचवीत सुरुवात केलीत, तर दहावीपर्यंत सहा नोंदी होतील. एका नोंदीवरून काहीच सांगता येणार नाही. दोन नोंदींवरून घाईनं काही बोलू नका, एखादं वर्ष दुष्काळाचं असतं. पण सहा नोंदी शेजारी शेजारी ठेवल्यात, की तुमची टेकडी जिना चढतेय की उतरतेय हे तुम्हाला आकड्यांत सांगता येईल. ग्रामसभेत जेव्हा त्या टेकडीचा विषय निघेल, तेव्हा ती वही बाबांच्या किंवा आईच्या हातात द्या.